लाटणं मोर्चा, रॉकेलची रांग : तुमच्या घरातल्या आठवणी सांगा

जुईली
काल गोरेगावच्या उड्डाणपुलावर रिक्षा अडकली. पुलाच्या पाटीवर मृणालताई गोरे. रिक्षावाला म्हणे, "ये मॅडम कौन थी?" म्हटलं, पानीवाली बाई. "टँकर चलाती थी क्या?"
हसले खरी (गोरेगावच्या पाण्यासाठी ताई लढल्या, म्हणून ते नाव), पण घरी येईपर्यंत आईच डोक्यात. ७२ साल, महागाईविरुद्ध मृणालताई बायकांचे लाटणं मोर्चे काढायच्या, मी तिसरीत. आई भाजीला जातानासुद्धा आजीला विचारून जायची. त्या दिवशी पोळ्या झाल्यावर लाटणं न धुताच पिशवीत टाकलं आणि "मोर्चाला जाते" म्हणून निघाली. परतली तेव्हा घसा बसलेला. आजी एवढंच म्हणाली, "आधी ते लाटणं घास."
तुमच्याकडे कोण गेलं होतं? लिहा.

चकलीचा_सोऱ्या
आमच्याकडून मोर्चात वाजवायला थाळी गेली. लग्नातली, मामाचं नाव घातलेली. असा पोचा आला की त्यात आमटी एका बाजूलाच जायची. भांडण व्हायचं त्या ताटावरून.

आजोळ६१
रॉकेल!! रांगेत डब्याच्या जागी वीट ठेवून शाळेत जायचो. एकदा कोणीतरी वीटच पळवली.

चकलीचा_सोऱ्या
@आजोळ वीट कशाला चोरेल कोणी 😂

आजोळ६१
चूल मांडायला. रॉकेल नव्हतं ना.

रमाकांत_ठाणे
'पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में'. ७७ ला ताई लोकसभेत गेल्या, इंदिराबाई पडल्या. बाबांच्या खांद्यावर बसून ओरडलोय.

सुगरणीचा_खोपा
सगळं श्रेय एकट्या मृणालताईंना नको. अहिल्याताई रांगणेकर, प्रमिलाताई दंडवते, तारा रेड्डी सगळ्या होत्या. समाजवादी नि कम्युनिस्ट एरवी एकमेकांचं तोंड बघत नसत, महागाई प्रतिकार समितीत मात्र एकत्र. माझी मावशी कट्टर लाल बावट्याची, तिचं लाटणंही लाल रंगवलेलं. पोळीला रंग लागतो म्हणून काकांनी ते फेकलं, मग ते दोन दिवस पावावर.

परिचारिका
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. मी ८५ च्या सुमाराला नर्सिंगला. लोकलमध्ये तेव्हा गर्भाच्या लिंगतपासणीच्या उघड जाहिराती, आत्ता पाचशे खर्च करा, पुढचे लाख वाचवा. मुलगी असली तर काढा, असा सरळ अर्थ. मी होते त्या दवाखान्यात सोमवारी तपासणी, गुरुवारी 'मोकळं' करायचं. मी काही बोलले नाही. नोकरी हवी होती. मृणालताईंनी विधानसभेत या तपासणीविरुद्ध खासगी विधेयक आणलं, ८८ ला राज्यात कायदा झाला. देशाचा झाला ९४ ला. आमच्याकडे सोमवारची गर्दी लगेच काही हटली नाही. फक्त रजिस्टरात वेगळं लिहायला लागले.
शिट्टी झाली, येते.

जुईली
@परिचारिका ताई, सवडीने अजून लिही. आम्ही थांबतो.

रमाकांत_ठाणे
मृणालताईंच्या पुढाकाराने झालेल्या नागरी निवारा वसाहतीत राहणारं कोणी आहे का इथे? दिंडोशीला?

आजोळ६१
मी! कुठली इमारत? पाणी येतं का तुमच्याकडे?

रमाकांत_ठाणे
बहीण राहते. सकाळी पाऊण तास.

चकलीचा_सोऱ्या
बोलवा मग पानीवाल्या बाईला.