फाइली डिलीट करताना रॅम कुठे जाते?

प्रश्न: लिनक्स, ईएक्सटी४ (फाइल सिस्टिम), रॅम १६ जीबी. एका फोल्डरमधल्या सुमारे २ कोटी छोट्या फाइली आरएमने (फाइल डिलीट करायची कमांड) उडवतोय. मेमरीच्या आकड्यांतला 'फ्री' (रिकामी रॅम) कॉलम १ जीबीच्या खाली आलाय, पण टॉपमध्ये (चालू प्रोग्रॅम दाखवणारी कमांड) आरएम फारसं काही खाताना दिसत नाही. लीक (घेतलेली मेमरी परत न सुटणं) आहे का?

उत्तर १: लीक नाही. फाइल उडवली तरी 'हे नाव आता नाही' अशी निगेटिव्ह डेंट्री (फाइलच्या नावाची मेमरीतली नोंद) कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, धरून ठेवतो. एक साधारण १९२ बाइटची, म्हणजे २ कोटींचे जवळपास ३.८ जीबी. शिवाय आयनोड टेबलचे (फाइलींच्या माहितीचा डिस्कवरचा तक्ता) वाचलेले ब्लॉक बफरमध्ये, म्हणजे रॅममध्येच, पडून राहतात. स्लॅबटॉप (कर्नलने धरलेली मेमरी दाखवणारी कमांड) लावा, 'डेंट्री' वरच दिसेल. 'फ्री' सोडा, 'अव्हेलेबल' (गरज पडल्यास मिळू शकणारी रॅम) बघा. गरज पडली की हे सगळं सुटतं. खात्रीच हवी तर आधी सिंक (रॅममधलं डिस्कवर लिहिणारी कमांड), मग ड्रॉप_कॅशेसमध्ये (हा साठा सोडायला लावणारी कर्नलची सेटिंग) ३ लिहा. पण दर तासाला क्रॉनमधून (ठरल्या वेळी कमांड चालवणारा प्रोग्रॅम) नको, उगाच डिस्क दमते!

उत्तर २: 'आरएम *' देत असाल तर शेल (कमांड घेणारा प्रोग्रॅम) आधी सगळी नावं मेमरीत भरतो, आणि शेवटी 'आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग' म्हणून हात वर करतो. त्यापेक्षा फाइंडला (फाइली शोधणारी कमांड) '-डिलीट' द्या.

प्रश्नकर्ता: अव्हेलेबल १२ जीबी आहे. चालू ठेवतो.