मदत हवी आहे: घर दिल्यानंतरचा आधार कोणाच्या खर्चाने?

नमस्कार मंडळी, बेघरांसाठी शहरांनी केलेल्या घरांच्या योजनांबद्दल वाचतोय. फिनलंडने २००८ पासून 'आधी घर' हे धोरण धरलं. व्यसन सोडा, नोकरी शोधा अशा अटी न घालता आधी भाडेकरार हातात द्यायचा, उपचार आणि समुपदेशन त्यानंतर. मला तरी हे पटतं. रस्त्यावर राहून कुणाचं व्यसन सुटणार?

अडतंय ते पुढे. इमारत एकदाच बांधायची, पण समाजसेवकाचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो. तो कुठून काढतात, भाड्यातून की आरोग्याच्या तरतुदीतून? शिवाय घरमालक आणि आधार देणारी संस्था एकच असेल, तर भाडं थकल्यावर ती कोणाची बाजू घेणार? अशा प्रकल्पात कुणी काम केलं असेल तर कृपया सांगा. अहवाल बरेच मिळाले, अनुभव हवाय.