डीअँडडीत तिसऱ्याच लेव्हलला फ्लेम टंग तलवार देऊन बसलोय, आता काय करू?

प्रश्न:
दर शनिवारी रात्री आमच्याकडे डीअँडडी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून गोष्ट रंगवायचा खेळ) असतं. पाचवी आवृत्ती, २०१४ची पुस्तकं, चार खेळाडू, डीएम म्हणजे गोष्ट चालवणारा मी. दोन महिन्यांपूर्वी पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांची टोळी, तिसऱ्या लेव्हलला असताना त्यांनी एका तळघरातली लढाई जीव तोडून जिंकली आणि मी भरात येऊन खजिन्यात फ्लेम टंग (आगीने पेटणारी जादूची तलवार) ठेवली. ती फायटरने (लढवय्या पात्राने) घेतली. साध्या लाँगस्वोर्डचा त्याचा घाव सरासरी ७-८चा होता, आता आगीचे दोन फासे धरून १४-१५चा होतो. ५९ हिट पॉइंटचा (म्हणजे तेवढा मार सोसणारा) ओगर राक्षस आधी आठ घाव घ्यायचा, आता चार-पाचात आडवा. परवा रेंजर (रानात वावरणारी तिरंदाज) खेळणारी मैत्रीण तिची पाळी आल्यावर म्हणाली, "त्यालाच मारू दे." ते मला फार लागलं. तलवार चोरीला गेली असं दाखवू का?

उत्तर:
कृपा करून काढून घेऊ नका. मी एकदा चोरांकरवी एक जादूची ढाल पळवली होती. त्यानंतर तो खेळाडू दर मुक्कामाला सामान मोजत बसायचा, गोष्टीतलं त्याचं लक्षच उडालं.

पुस्तकाच्या हिशेबाने फ्लेम टंगसारख्या 'रेअर' (दुर्मिळ) वस्तू पाचव्या लेव्हलपासून. म्हणजे तुम्ही दोनच लेव्हल घाई केलीत. आता बाकीच्या तिघांना वर आणा. रेंजरला ब्रेसर्स ऑफ आर्चरी (तिरंदाजाचे जादूचे मनगटपट्टे) द्या: 'अनकॉमन', म्हणजे 'रेअर'च्या एक पायरी खालचे आहेत, बाणाच्या प्रत्येक घावाला २ जास्त. विझर्ड (जादूगार) असेल तर शत्रूचं स्पेलबुक (मंत्रांची वही) सापडू दे. मंत्र उतरवायला मंत्राच्या प्रत्येक लेव्हलमागे ५० सोन्याची नाणी लागतात, त्यामुळे पैसाही जिरतो. आणि फायटरला नमवायला सगळेच शत्रू आगीला दाद न देणारे आणू नका, त्याला ते लगेच कळेल.

उत्तर:
वरच्याशी सहमत, पण नाण्यांकडेही बघा. २०००च्या तिसऱ्या आवृत्तीत कोष्टकच होतं: पाचव्या लेव्हलच्या पात्राकडे ९,००० सोन्याचा ऐवज हवा. शत्रूंचं गणित त्यावर बेतलेलं, त्यामुळे तिथे कमी-जास्त झालं की खेळ डगमगायचा. पाचव्या आवृत्तीत जादूच्या वस्तू गृहीत धरलेल्या नाहीत, म्हणून एका तलवारीने मोहीम बुडत नाही.

धोका पुढे आहे. ० ते ४ चॅलेंजच्या (चॅलेंज म्हणजे शत्रूच्या ताकदीचा आकडा) शत्रूंच्या खजिन्याच्या साठ्यात नुसती नाणी सरासरी १९६ सोन्याची निघतात, ५ ते १०च्या साठ्यात ३,८५७ची. जवळजवळ वीसपट! असा एक साठा सापडला की १,५०० चं प्लेट आर्मर (अंगभर पोलादी चिलखत) सहज येतं, आणि ते बहुधा तुमचा फायटरच घालणार. शिवाय पाचव्या लेव्हलला त्याला दुसरा हल्ला मिळतो. त्याच्या आधीच बाकीच्यांच्या हाती काही पडायला हवं. आणि काय हवं ते त्यांनाच विचारा, तक्त्यावर फासे टाकून ठरवू नका.

प्रश्नकर्ता:
दोघांचे मनापासून आभार. काल रेंजरवालीला फोन केला. मी ब्रेसर्स धरून बसलो होतो, पण घावांचा आकडा तिला नकोच होता. तिला पार्टीच्या पुढे एकटीने जाऊन वाट बघून यायची असते, आणि आमच्यात तशी वेळच येत नाही, दार दिसलं की फायटर लाथ घालतो. तर येत्या शनिवारी क्लोक ऑफ एल्व्हनकाइंड (लपायला मदत करणारा जादूचा झगा), आणि जिथे आरडाओरडा केला की ओलीस मारले जातील असा एक किल्ला. नकाशा काढायला घेतलाय.