उलट जंपर लागल्यापासून जुनी पिकअप सुरू होत नाही – तपासणी कुठून सुरू करू?

ओतूर_शिवार:
नमस्कार मंडळी. जुनी बोलेरो पिकअप आहे, डीआय (साधं डिझेल) इंजिन, मेकॅनिकल डिझेल पंप, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) वगैरे काही नाही. टोमॅटोचा माल नारायणगावला न्यायची एकमेव गाडी, त्यामुळे घाईत विचारतोय.

रात्री बॅटरी उतरली होती. शेजारच्या ट्रॅक्टरवरून जंपर दिला आणि अंधारात केबल उलट्या लागल्या. ठिणगी उडाली, जळाल्याचा वास आला, गाडी पूर्ण मेली. साधा केबिनचा दिवाही लागेना. सकाळी गावातल्या वायरमननं बॅटरीजवळची जळालेली लिंक (मेन फ्यूजसारखी वितळणारी तार) काढून तिथं साधी वायर जोडली. त्यावर दिवे आले, सेल्फही फिरतो, पण इंजिन घेत नाही. बॅटरी चार्ज करून आणली की सकाळपर्यंत परत उतरते. आणखी एक विचित्र गोष्ट: की ऑन केल्यावर डॅशवरचा बॅटरीचा लाल दिवा लागत नाही, आणि की काढल्यावर अंधारात तोच दिवा मंद पेटलेला दिसतो.

वायरमन म्हणतो सगळं वायरिंग बदला. खरंच लागेल का?

घाटरस्ता:
दादा, बॅटरी आणि सेल्फ दोन्ही नवीन टाका. उलट करंट गेला म्हणजे दोन्ही गेले असं समजा. सीझनमध्ये गाडी उभी ठेवून भागत नाही.

जुना_वायरमन:
थांबा, अजून काहीही विकत आणू नका. घाटरस्ता, तुमची काळजी बरोबर आहे, पण यांचा सेल्फ फिरतोय. जुन्या फील्ड कॉइलच्या सेल्फला उलट पोलॅरिटीनं सहसा काही होत नाही. फील्ड (स्थिर कॉइल) आणि आर्मेचर (फिरणारा भाग) दोन्हींतला करंट एकदम उलटतो, त्यामुळे तो त्याच दिशेनं फिरतो.

ओतूरकर, तुम्ही दिव्याचं जे लिहिलंत त्यातच अर्धं उत्तर आहे. उलट जंपरचा पहिला फटका डायनामोच्या (बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरच्या) डायोड प्लेटला बसतो. सरळ जोडणीत ते डायोड बॅटरीचा करंट अडवून धरतात. उलट जोडणीत तेच डायोड सरळ रस्ता होतात, प्रचंड करंट वाहतो, लिंक वितळते आणि एखाददुसरा डायोड कायमचा शॉर्ट होऊन बसतो. पॉझिटिव्ह बाजूचा डायोड शॉर्ट असला की बॅटरीचा करंट स्टेटरमधून (डायनामोच्या स्थिर कॉइलमधून), छोट्या डायोडमधून थेट रोटरच्या (फिरणाऱ्या भागाच्या) कॉइलला पोचतो, की बंद असली तरी. चार्जिंगच्या, म्हणजे तुमच्या त्या लाल दिव्याचं एक टोक तिथंच जोडलेलं असतं. म्हणून की ऑफ असताना तो उलटीकडून मंद पेटतो. की ऑन केली की दोन्ही टोकांना बारा व्होल्ट, मग दिवा लागणार कसा?

खात्री करायला खर्च नाही. की काढून ठेवा आणि लोखंडी पेचकसाचं टोक डायनामोच्या मागच्या बेअरिंगजवळ न्या. ओढला गेला तर रोटर जागा आहे, म्हणजे त्यात करंट जाऊन तो चुंबक झालाय. बॅटरी जोडलेली असताना सकाळी डायनामोला हात लावून बघा, गाडी चाललेली नसतानाही कोमट लागेल.

मग मल्टीमीटर घ्या. आधी बॅटरीच्या दोन पोलवर व्होल्टेज बघा. पूर्ण चार्ज बॅटरी विश्रांतीत १२.६ च्या आसपास, अर्धी उतरलेली १२.२. आकडा वजा दिसला तर बॅटरी उलटी चार्ज झाली आहे, ती बाजूला ठेवा. नंतर निगेटिव्ह केबल काढून, ती केबल आणि पोल यांच्या मध्ये २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब जोडा. सगळं बंद असताना पेटला तर करंट चोरीला जातोय. मीटर अँपिअरवर लावून हे करू नका, करंट मोठा असला तर मीटरचा फ्यूज जातो.

इंजिन का घेत नाही ते वेगळं प्रकरण दिसतंय. सेल्फ मारताना सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो का? आणि पंपावर जी एकटी वायर जाते तिथं की ऑन केल्यावर 'टक्' आवाज येतो का? एवढं सांगा, मग पुढे.

ओतूर_शिवार:
काका, पेचकस खरंच ओढला गेला! डायनामो कोमट होता. रात्री निगेटिव्ह काढून ठेवली तर सकाळी बॅटरी १२.५ दाखवते, जोडून ठेवली तर १२.१. बल्ब पिवळसर पेटतो. धूर अजिबात नाही, पंपावर टक् नाही.

विदर्भ_डिझेल:
जुना_वायरमन यांनी बरोबर सांगितलंय. फक्त इथं वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: ज्यांची पिकअप कॉमन रेल (ईसीयूवर चालणाऱ्या) इंजिनची आहे त्यांनी उलट जंपर लागल्यावर पुन्हा पुन्हा सेल्फ मारू नये. तिथं ईसीयूचे फ्यूज आणि मेन रिले (करंटानं चालणारा स्विच) आधी तपासावे लागतात. आणि मोठ्या ट्रकवरून जंपर घेताना बघा, तिथं दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट असतात. आमच्याकडे नागपूर रोडवर ढाब्यावर असं जोडून बल्ब, टेप, रेग्युलेटर एकदम गेल्याचं पाहिलंय.

जुना_वायरमन:
धूर नाही म्हणजे इंजिनात डिझेल जात नाही. तुमच्या पंपावर स्टॉप सॉलेनॉइड आहे. की ऑनचा करंट मिळाला की त्यातली पिन मागे येते आणि डिझेल सुटतं, करंट गेला की स्प्रिंग डिझेल बंद करते. असं डीआय इंजिन चालायला एवढ्या एकाच वायरची गरज असते. म्हणून सगळं वायरिंग बदलायचा सल्ला मला पटत नाही.

आता क्रमानं करा.

गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, फॅनपासून हात लांब. बॅटरीची निगेटिव्ह काढा. मग डायनामोच्या मागची जाड वायर सोडवून तिच्या टोकाला नीट टेप गुंडाळा. निगेटिव्ह आधी काढायची, नाहीतर पाना बॉडीला लागला की तिथंच वेल्डिंग होतं. आता बल्ब परत जोडा. विझला तर डायनामोचा निकाल लागला. डायनामो बाजूला ठेवून भरलेल्या बॅटरीवर गाडी चालू करून बघता येते, मेकॅनिकल पंपाला थोडाच करंट लागतो.

मग पंपाच्या वायरवर मीटर. की ऑनवर बारा व्होल्ट नसतील तर फ्यूज बॉक्सकडे चला. तिथं इग्निशनचा फ्यूज उडालेला असणार असं मला वाटतं. नवीन टाकला आणि तोही लगेच उडाला तर तिसरा टाकू नका. फ्यूजच्या जागी तोच २१ वॅटचा बल्ब जोडा. लाइनवर शॉर्ट असेल तर तो भरपूर पेटेल. मग त्या लाइनवरची एक एक वस्तू सुटी करत जा. ज्याक्षणी बल्ब मंदावेल, ती वस्तू दोषी. रिले आधी काढा, काही रिलेच्या आत डायोड असतो आणि उलट करंटात तो शॉर्ट होतो. बाहेरून बसवलेलं काही असेल, टेप, हॉर्न, चार्जर, तेही सोडू नका.

गाडी दुरुस्त झाल्यावर, इंजिन बंद असताना सेल्फची अर्थ (निगेटिव्हकडे परतीचा रस्ता) मोजा. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह पोलवर, दुसरं इंजिन ब्लॉकवर, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टच्या आसपास असेल तर ठीक, अर्ध्याच्या वर गेलं तर इंजिन ते चेसिसची पट्टी काढून घासा. आमच्याकडे येणाऱ्या शेतमालाच्या गाड्यांत चिखल बसून ही पट्टी कुजलेली हमखास सापडायची.

ओतूर_शिवार:
काका, झाली! जाड वायर सोडल्यावर बल्ब विझला. पंपाच्या वायरवर शून्य, फ्यूज उडालेला, नवीनही लगेच गेला. बल्ब लावून एक एक काढत गेलो. रिले काढले तरी फरक नाही. शेवटी डॅशखालचा मोबाइल चार्जर सुटा केला आणि बल्ब मंद झाला. कुणीतरी तो त्याच लाइनवर टाकून ठेवलेला. फ्यूज टाकला, टक् वाजला, दुसऱ्या प्रयत्नात इंजिन घेतलं. डायनामो सुटा ठेवूनच चालवलं.

आता दोन प्रश्न. डायनामो अख्खा बदलायचा की डायोड प्लेट? आणि लिंकच्या जागची साधी वायर चालेल का?

जुना_वायरमन:
फार बरं वाटलं.

लिंकचं आधी. साधी वायर एक दिवसही ठेवू नका. पुढं कुठं शॉर्ट झाला तर त्यावेळी वितळायला काही उरणार नाही आणि आग थेट हार्नेसला (गाडीच्या वायरिंगच्या जुडग्याला) लागेल. मूळ रेटिंगचीच लिंक किंवा त्याच रेटिंगचा मेन फ्यूज बसवा, मिळेपर्यंत गाडी रस्त्यावर नेऊ नका. बाजार चुकला तरी चालेल.

डायनामो रिवाइंडिंगवाल्याकडे खोलून घ्या. मल्टीमीटर डायोड मोडवर: चांगला डायोड एका दिशेला साधारण ०.४ ते ०.७ दाखवतो, दुसऱ्या दिशेला काहीच नाही. दोन्हीकडे शून्य दाखवणारा शॉर्ट. स्टेटरला वास नसेल, तांबं काळं नसेल तर डायोड प्लेट आणि रेग्युलेटर बदलून काम भागतं. ब्रश त्याच वेळी बघून घ्या, आणि बसवल्यावर बेल्टचा ताण. चालू गाडीत बॅटरीवर १३.८ ते १४.४ हवेत, हेडलाइट लावूनही साडेतेराच्या खाली नको.

घाटरस्ता:
काका, मला हे माहीत नव्हतं. ज्या ट्रॅक्टरवरून करंट दिला त्याचं काय? त्यालाही धोका?

जुना_वायरमन:
चांगला प्रश्न. उलट जोडणीत दोन्ही बॅटऱ्या एकमेकींवर शॉर्ट होतात, तेव्हा तोही तपासायचा. बॅटरी फुगली आहे का, केबलचं इन्सुलेशन वितळलंय का, इंजिन चालू असताना चार्जिंग किती. आणि शेजाऱ्यांना आजच सांगा, त्यांचा ट्रॅक्टर पेरणीत उभा राहायला नको.

ओतूर_शिवार:
मीटर घेऊन आत्ताच जाऊन आलो. ट्रॅक्टर १४.१ दाखवतोय, बॅटरी सरळ आहे. जंपरच्या एका क्लिपजवळ मात्र वायर वितळलेली निघाली, ती तिथंच कापून फेकून दिली. डायनामो उद्या सकाळी आळेफाट्याला रिवाइंडिंगला देतोय, येताना लिंक घेऊन येईन.