नाशिकचा सोसायटी ग्रुप : बागेवर टॉवर की बंद शेडच्या जागेत?

जाधव काका: मखमलाबादच्या बाजूला अजून एका द्राक्षबागेवर पोकलेन फिरला. इकडे सातपूर-अंबडला एमआयडीसीत बंद कारखान्यांच्या शेडमध्ये बाभळी उगवल्यात, तिथे रस्ता आहे लाईट आहे पाणी आहे, नवीन वसाहत तिथे उभी करा ना, पिकाची जमीन कशाला खाताय

स्नेहल बी-६०२: १००% बरोबर काका 👏

पाटील ए-१०४: शेतकऱ्यानी विकायची नाही का? गारपीट झाली की तुम्ही येता का बागेत

जाधव काका: पाटीलसाहेब मी शेतकऱ्याला बोललोच नाही. स्मार्ट सिटीची नगररचना योजना आली तेव्हा विरोध तिथल्या शेतकऱ्यांनीच केला होता

लता मावशी: टाकी कधी धुणार?

निखिल: कारखान्याच्या जागेत राहणार कोण, प्लेटिंगचं (धातूला मुलामा देण्याचं) विषारी क्रोमियम मुरलेलं असतं मातीत. अमेरिकेत लव्ह कॅनॉलला केमिकल पुरलेल्या जागेवर घरं, शाळा बांधली, १९७८ ला आणीबाणी जाहीर करून लोकांना हलवलं

रश्मी ताई: म्हणूनच आधी माती आणि बोअरचं पाणी तपासायचं, खराब थर काढायचा, मगच परवानगी. स्वीडनमधे स्टॉकहोमची हम्मार्बी वस्ती जुन्या कारखान्यांच्या जागेवरच झालीय. ट्राम दारात, कचरा जमिनीखालच्या नळ्यांतून ओढला जातो

निखिल: आपला जिन्यात असतो 😂

पाटील ए-१०४: नाव घ्या ना कोणाचा ते

सेक्रेटरी: पर्सनल नको प्लीज 🙏

लता मावशी: टाकी??

देशपांडे सर: मुंबईचं विसरू नका. १९९१ च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे होते, महापालिकेची मोकळी जागा, म्हाडा आणि मालक. २००१ ला बदल केला की वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीची, झालं, बाकी सगळीकडे टॉवर नि मॉल. गिरणी कामगार अजून घरासाठी मोर्चे काढतोय

जाधव काका: सर म्हणूनच आधी लिहून घ्यायचं. कामगारांची घरं किती, झाडं किती, सांडपाणी गोदावरीत जाणार नाही हे कोण बघणार. एमआयडीसीचे प्लॉट भाडेपट्ट्यानेच दिलेले असतात, मग अट घालायला अडचण काय?

पाटील ए-१०४: त्या शेडमध्ये परत कारखाना आला तर आमच्या पोरांना नोकरी लागेल, नुसती घरं बांधून काय मिळणार

रश्मी ताई: हा मुद्दा एकदम योग्य आहे दादा. काम आणि घर चालत जाण्याच्या अंतरावर, मधे सिटीलिंक बसचा थांबा, असंच हवं. जिथे धूर-केमिकल आहे तिथे घरं नकोतच

लता मावशी: तीन वेळा विचारलं. टाकी.

सेक्रेटरी: मावशी रविवारी माणूस येतोय

जाधव काका: मी महापालिकेला निवेदन लिहितोय, सह्या लागतील

पाटील ए-१०४: आधी उद्योग, उरलेल्या जागेत घरं असं लिहा, मग सही करतो. आणि तो कचरा माझा नव्हता