चर्चा: कणत्वरकाच्या रेडिओलहरींची भीती कितपत खरी?

विवेक_त: सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेच्या 27 किलोमीटर घेराच्या एलएचसीत, म्हणजे कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रात, प्रोटॉनना वेग द्यायला 400 मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरी लागतात. त्यासाठी 16 क्लायस्ट्रॉन, म्हणजे या लहरींची ताकद वाढवणाऱ्या नळ्या, प्रत्येकी 300 किलोवॅटपर्यंतच्या. आकडा ऐकून छातीत धस्स होतं, मान्य. पण ही ताकद मोबाइल टॉवरसारखी हवेत सोडलेली नसते. ती वेव्हगाइड नावाच्या बंद धातूच्या नळीतून जाते, तीही जमिनीखाली. त्या धातूत या लहरी काही मायक्रोमीटरच शिरतात. वरच्या गावांना यामुळे कॅन्सर होईल, हे मला अजिबात पटत नाही.

अनुराधा: नळी बंद, पण सांधे असतातच ना? 2011 साली आयएआरसी या डब्ल्यूएचओच्या कर्करोग संशोधन संस्थेने रेडिओलहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ म्हणजे 2बी गटात टाकलं, ते उगाच? आणि सध्याच्या मर्यादा मुख्यतः शरीर किती तापतं यावर बेतलेल्या आहेत. वर्षानुवर्षं थोडंथोडं सोसणाऱ्याचं काय?

विवेक_त: 2बी गट पुरावा किती पक्का हे सांगतो, धोका किती मोठा हे नाही. तो निर्णयही मुख्यतः डोक्याला लावलेल्या मोबाइलच्या अभ्यासांवरून झाला. सांध्यातून गळती झाली तरी अंतरागणिक ती झपाट्याने विरळ होते. मध्ये जमिनीचा एवढा थर असताना वर काय पोचणार?

जुना_तंत्रज्ञ: दोघांचंही लक्ष गावाकडे, आत काम करणाऱ्यांचं काय? वेव्हगाइड उघडून परत जोडली की आम्ही आधी कमी पॉवरवर चालवायचो आणि लहरी मोजणारा प्रोब हातात धरून एकेक फ्लँज, म्हणजे बोल्टने जोडलेला सांधा, तपासायचो. एखादा बोल्ट ढिला राहिला तरी काटा हलतो. 400 मेगाहर्ट्झला आयसीएनआयआरपी या अशा लहरींपासून संरक्षणाचे निकष ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाची मर्यादा जनतेसाठी दर चौरस मीटरला 2 वॅट, कामगारांसाठी 10. पण मला जास्त धाक क्ष-किरणांचा. क्लायस्ट्रॉनमध्ये इलेक्ट्रॉन हजारो व्होल्टवर धावून धातूवर आदळतात, म्हणून शिशाचं आवरण लागतं. रेडिओलहरींच्या मीटरला हे किरण दिसतच नाहीत. त्यासाठी वेगळं उपकरण हवं, आणि आवरण काढून कुणी यंत्र चालवू नये.

अनुराधा: हे पटलं. पण गावकऱ्यांना ‘विश्वास ठेवा’ एवढंच सांगून भागणार नाही. डोकेदुखी, झोप न लागणं हे त्रास खरेच असतात. डब्ल्यूएचओनेही 2005 मध्ये ते मान्य केलंय, फक्त लहरींशी संबंध सिद्ध झालेला नाही म्हटलंय. म्हणून नवं यंत्र सुरू होण्याआधी परिसरातली मोजणी बाहेरच्या संस्थेकडून करून घ्या, सुरू झाल्यावर त्याच जागी पुन्हा करा आणि दोन्ही आकडे जाहीर करा. आधीची मोजणीच नसेल तर नंतरचे आकडे कशाशी ताडून बघायचे?