मदत हवी आहे: षष्ठी कशालाच लागत नाही

रेवाकाठची: सोमवारी पेपर आहे, जरा लवकर सांगा. उताऱ्यात मध्येच षष्ठी येते आणि ती पुढे कशालाच लागत नाही. शब्द सगळे येतात, कोश शेजारी आहे, तरी अर्थ वेडावाकडा निघतो. दोन दिवस यातच गेले. क्लासिक्स कोणी केलंय का?

साहित्यप्रेमी: कुठल्या भाषेतली षष्ठी? क्लासिक्स म्हणजे अभिजात म्हणाल तर २०२४ पासून मराठीही अभिजात आहे. शाकुंतल वगैरे असेल तर आधी एखादी चांगली टीका जवळ घ्या.

जुना_बडोदेकर: भाषा कोणती, वर्ष कोणतं, वाक्य कोणतं? एवढं लिहिल्याशिवाय कोण काय सांगणार?

रेवाकाठची: ग्रीक! ग्रीक-लॅटिन घेऊन बी.ए., पहिलं वर्ष, ब्रिटनमध्ये. सुट्टीत बडोद्याला, दांडिया बाजारातल्या घरी आलेय. इथे विचारायला कोणी नाही.

आबा_रावपुरा: बेटा, हे शिकून पुढे काय करणार? माझ्या भाच्याने इतिहासात एम.ए. केलं, शेवटी बी.एड. करावंच लागलं. आत्ताच कायद्याची प्रवेश परीक्षा बघून ठेव.

रेवाकाठची: आबा, ते नंतर विचारेन. आत्ता षष्ठी.

जुना_बडोदेकर: इथे कोणी नाही कसं? विश्वामित्री नदीपलीकडे अकोट्याच्या उत्खननात रोमन भांड्याची काशाची मूठ निघाली आहे, डॉल्फिनवर बसलेला एरोस, म्हणजे ग्रीकांचा कामदेव, आहे तिच्यावर. आणि आपलं भरूच म्हणजे ग्रीक खलाशांचं बारीगाझा. पहिल्या शतकातल्या पेरिप्लस या ग्रीक सागरी वाटाड्या-पुस्तकात तिथल्या खाडीतली भरती-ओहोटी किती धोक्याची, ते सविस्तर दिलंय. ते आधी वाच, भाषेची गोडी लागेल.

सूत्रपाठी: गोडी आहेच तिला, पेपर सोमवारी आहे. ताई, वाक्य द्या.

रेवाकाठची: हेलिऊ आनातेल्लोन्तोस होइ स्त्रातिओताइ एपोरेउओन्तो. मी लिहिलं, ‘उगवत्या सूर्याचे सैनिक चालले होते.’ बाईंनी ‘सूर्याचे’खाली दोन लाल रेघा मारल्या, बाकी काही लिहिलं नाही.

सूत्रपाठी: शाळेत संस्कृत होतं का?

रेवाकाठची: दहावीपर्यंत.

सूत्रपाठी: मग हे तुम्हाला येतं. ‘रामे वनं गते’ आठवा. सतिसप्तमी! ‘राम वनात गेल्यावर’ एवढं सांगून ती बाजूला होते, मुख्य वाक्यातल्या कशालाच लागत नाही. संस्कृत ज्याला सप्तमी वापरतं, त्याला ग्रीक षष्ठी वापरतं. म्हणजे, ‘सूर्य उगवत असताना सैनिक चालले होते.’ लॅटिनमध्ये हेच काम अ‍ॅब्लेटिव्ह करते, म्हणजे आपली पंचमी. उर्बे काप्ता, ‘शहर घेतल्यावर’.

पाणिनीय: संस्कृतातही षष्ठी चालते की! ‘षष्ठी चानादरे’, पाणिनीचं सूत्र २.३.३८. ‘रुदतः प्राव्राजीत्’, रडणाऱ्याकडे न बघता संन्यास घेतला. तेव्हा ग्रीकमध्येही अनादर धरायचा. सूर्य उगवला तरी त्याची पर्वा न करता सैनिक निघाले.

सूत्रपाठी: नाही हो, तिला चुकीचं लिहायला लावाल. पाणिनीचा अनादर पाणिनीकडेच राहू द्या. ग्रीकमध्ये या षष्ठीला तसला ठरलेला अर्थ नाही. वेळ, कारण, अट, ‘जरी’, यातलं काय ते संदर्भावरून ठरतं.

साहित्यप्रेमी: संस्कृतच्या कुबड्या कशाला? ग्रीक ग्रीकमधूनच शिकावं.

सूत्रपाठी: महिना असता तर मीही तेच म्हटलं असतं.

रेवाकाठची: पण मग साधी षष्ठी ओळखायची कशी? झेनोफोनच्या अनाबासिसचं पहिलंच वाक्य बघा, दारेइऊ काइ पारुसातिदोस गिग्नोन्ताइ पाइदेस दुओ. ही पण सतिसप्तमीसारखीच का?

सूत्रपाठी: नाही. तिथे धातुसाधित कुठंय? दरायस आणि पारिसातिस यांना दोन मुलगे झाले, साधा संबंध. नामाबरोबर त्याच लिंगवचनाचं धातुसाधित षष्ठीत दिसलं आणि ते नाम मुख्य वाक्यात कुठे आलेलं नसलं, की ही रचना असण्याचा संभव फार. त्या तुकड्याभोवती पेन्सिलीने कंस करा आणि उरलेलं वाक्य आधी लावा. धातुसाधित वर्तमानाचं असेल तर ‘असताना’, अओरिस्ट, म्हणजे ग्रीकमधला साधा भूतकाळ, असेल तर बहुतेक वेळा ‘झाल्यावर’.

रेवाकाठची: कंस करून बघितलं. पानभर उताऱ्यात तीन निघाले, तिन्ही लागले! चौथ्यात धातुसाधित आहे, पण ते नाम पुढे द्वितीयेत पुन्हा आलंय. टाकते इथे, पाच मिनिटं थांबा.

आबा_रावपुरा: जेवलीस का?